राज्याच्या विधानमंडळाला कृत्रिम बुद्धिमत्तेवर कायदा करता येतो का? निमित्त ऊसतोडीचे

प्रश्न
दूधगंगाकाठ (तालुका कागल)

नमस्कार. प्रश्न कायद्याचा आहे. तो पडला मात्र ऊसतोडीच्या निमित्ताने, त्यामुळे आधी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे.

आमच्या भागातील एका साखर कारखान्याने गेल्या हंगामापासून तोडणीचा क्रम केवळ लागणीच्या तारखेवर न ठेवता, उपग्रहाच्या छायाचित्रांवरून उसाची पक्वता ठरवणाऱ्या एका संगणकप्रणालीवर सोपवला. कल्पना वाईट नाही. पक्व ऊस आधी गाळपाला गेला तर उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण) सुधारतो, आणि एफआरपी, म्हणजे उसाला द्यावाच लागणारा किमान दर, उताऱ्याशी बांधलेली असल्यामुळे त्यात सभासदाचेही हित आहे. परंतु आमच्या आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या, दीड वर्षाच्या) उसाची पाळी शेजारच्या, आमच्यानंतर दीड महिन्याने लागण झालेल्या उसाच्याही मागे गेली. तुरा येऊन गेला, ऊस आतून पोकळ पडू लागला, वजन घटले आणि खोडवा (तोडणीनंतर फुटणारे पुढचे पीक) ऐन उन्हाच्या तडाख्यात सापडला. गट कार्यालयात चौकशी केली तेव्हा चिटबॉयने (तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या कर्मचाऱ्याने) मोबाइलवरची यादी पुढे केली, आणि शेती विभागाकडून एवढेच उत्तर मिळाले की क्रम संगणकाने लावलेला आहे, तो आम्हाला हलवता येत नाही. लागणीची तारीखच चुकीची नोंदली गेली होती, ढगांमुळे छायाचित्र नीट मिळाले नव्हते, की आमच्या शेताची हद्द नकाशावर शेजारच्या गटात गेली होती, हे आजतागायत कळलेले नाही. पूर्वीही पाळी पुढेमागे होत असे, वशिलाही चालत असे, हे मान्य. पण तेव्हा भांडायला समोर माणूस तरी असायचा.

अमेरिकेतील काही राज्यांनी केंद्राची वाट न पाहता अशा प्रणालींवर स्वतःचे कायदे केले आहेत, असे वाचनात आले. त्यांनी नेमके काय केले? आणि महाराष्ट्राच्या विधानमंडळाला असा कायदा करण्याचा अधिकार आहे का, की हा सगळा दिल्लीचा विषय आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १
टाकाळ्याचा वकील

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण अधिकारच नसेल तर बाकीची चर्चा फुकट आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २४६ आणि सातव्या अनुसूचीनुसार कायदे करण्याचे विषय संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची अशा तीन याद्यांत वाटलेले आहेत. यांपैकी कोणत्याही यादीत कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय नाही, आणि कोणत्याच यादीत नसलेला विषय अनुच्छेद २४८ प्रमाणे संसदेकडे जातो. शिवाय संघसूचीतील ३१ वी नोंद टपाल, तार, दूरध्वनी, प्रक्षेपण आणि तत्सम दळणवळणाची आहे, जिच्या आधारे संगणक आणि इंटरनेटवर केंद्र आपला हक्क सांगते. अमेरिकेत नेमके उलटे आहे. तेथे जे अधिकार संविधानाने केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांकडे राहतात, म्हणून तेथील राज्य सरळ ‘कृत्रिम बुद्धिमत्ता अधिनियम’ अशा नावाने कायदा करू शकते. आपल्याकडे त्या नावाचे विधेयक विधानसभेत मांडले तर पहिलाच हरकतीचा मुद्दा अधिकारकक्षेचा निघेल.

मात्र गोष्ट येथे संपत नाही. कायदा कोणत्या सूचीत मोडतो हे ठरवताना न्यायालय त्याच्या नावाकडे किंवा त्यात आलेल्या यंत्राकडे पाहत नाही, तर त्याचा गाभा कशाशी संबंधित आहे ते पाहते. याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्याचे आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात दूरध्वनी संभाषण चोरून ऐकण्याची परवानगी देणारी कलमे आहेत. दूरध्वनी हा केंद्राचा विषय असल्याने मुंबई उच्च न्यायालयाने कलम १३ ते १६ रद्द केली होती. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये भरत शांतिलाल शहा प्रकरणात ती वैध ठरवली. या कलमांचा गाभा सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हा आहे, हे दोन्ही राज्याचे विषय आहेत, आणि दूरध्वनीला झालेला स्पर्श केवळ आनुषंगिक आहे, असे न्यायालयाने म्हटले. फोनच्या जागी संगणकप्रणाली ठेवून पाहा. राज्याने प्रणालीवर कायदा करू नये. प्रणाली वापरून राज्यसूचीतल्या विषयात जो निर्णय घेतला जातो, त्या निर्णयावर करावा.

आपल्या प्रकरणात तर राज्याची बाजू आणखी भक्कम आहे. शेती ही राज्यसूचीतील १४ वी नोंद, सहकारी संस्था ३२ वी. सहकारी संस्था हा राज्याचाच विषय आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सहकारी संस्थांविषयीच्या ९७ व्या घटनादुरुस्तीच्या प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले. आणि साखर उद्योग केंद्राच्या नियंत्रणाखाली असला तरी कारखान्याला होणाऱ्या उसाच्या पुरवठ्याचे नियमन राज्य करू शकते, हे तर १९५६ पासून, उत्तर प्रदेशच्या तिका रामजी प्रकरणापासून, पक्के आहे. उसाची पाळी कशी लागावी यावर कायदा करण्यास मुंबईला दिल्लीची परवानगी लागू नये, असे माझे मत आहे.

अडचण येते ती समवर्ती सूचीत. तेथे केंद्राचा कायदा आधीच असेल आणि राज्याचा त्याच्याशी विसंगत असेल, तर अनुच्छेद २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची संमती मिळाल्याशिवाय राज्याचा कायदा टिकत नाही. महिलांवरील अत्याचारांना कडक शिक्षा देणाऱ्या आपल्या शक्ती विधेयकाचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे: डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाले, संमतीसाठी गेले आणि कायदा कधी झालेच नाही. दुसरा धोका म्हणजे केंद्राने नंतर येऊन पूर्ण जागाच व्यापणे. तमिळनाडूने २०२२ मध्ये ऑनलाइन जुगार आणि खेळांवर कायदा केला. मध्यरात्री ते पहाटे पाच खेळबंदी आणि आधार पडताळणी हे त्याखालचे निर्बंध मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये उचलून धरले. आणि दोनच महिन्यांत संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणणारा कायदा केला. राज्याची तीन वर्षांची मेहनत बरीचशी त्याखाली गेली.

उत्तर २
राजारामपुरी आठवी गल्ली

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि अमेरिकी ग्राहकांमुळे हे कायदे नाइलाजाने वाचावे लागतात, म्हणून पहिल्या भागावर लिहितो.

सर्वांत विस्तृत प्रयत्न कोलोरॅडोचा. मे २०२४ मध्ये तेथील गव्हर्नर जेरेड पोलिस यांनी विधेयकावर सही केली, तीही विधिमंडळाला आपले आक्षेप पत्राने कळवून. २०२४ च्या या मूळ कायद्याचा कणा असा, की तंत्रज्ञानाची व्याख्या करत बसण्यापेक्षा निर्णयांची यादी करावी. शिक्षण, नोकरी, कर्ज व वित्तसेवा, शासकीय सेवा, आरोग्य, घर, विमा आणि विधी सेवा या आठ क्षेत्रांत एखाद्याला काही मिळणार की नाही, किंवा कोणत्या अटींवर मिळणार, हे ठरवण्यात ज्या प्रणालीचा महत्त्वाचा वाटा असेल ती अतिजोखमीची. अशी प्रणाली बनवणारा आणि ती वापरणारा अशा दोघांवर स्वतंत्र कर्तव्ये येतात. वापरणाऱ्याने परिणामांचे मूल्यमापन लिहून ठेवायचे, प्रणाली वापरली जात आहे हे संबंधित व्यक्तीला आधी सांगायचे, आणि निर्णय तिच्या विरोधात गेला तर मुख्य कारणे द्यायची, चुकीची माहिती दुरुस्त करण्याची संधी द्यायची आणि शक्य असेल तेथे माणसाकडून फेरविचार मिळेल असे अपील द्यायचे. दूधगंगाकाठ यांनी गट कार्यालयात जे मागितले ते नेमके हेच होते. तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी: ऊसतोडीची पाळी या आठांपैकी कशातही बसणार नाही. कोलोरॅडोची यादी कोलोरॅडोच्या जगण्यातून आली आहे. ती जशीच्या तशी उचलून महाराष्ट्रात आणली तर आपल्याकडे ज्या निर्णयांवर घर चालते, ते बाहेरच राहतील.

दंडाचा अधिकार तेथे फक्त राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलला (मुख्य विधी अधिकाऱ्याला) आहे. सामान्य माणसाला या कायद्याखाली थेट दावा लावता येत नाही. ही मला त्याची मोठी उणीव वाटते. आणि अंमलाचे म्हणाल तर मूळ तारीख १ फेब्रुवारी २०२६ होती. उद्योगांच्या दबावानंतर ऑगस्ट २०२५ च्या विशेष अधिवेशनात ती ३० जून २०२६ वर ढकलली गेली.

कॅलिफोर्नियाचा मार्ग वेगळा. तेथे निर्णयांपेक्षा मोठ्या प्रणाली तयार करणाऱ्या कंपन्यांवर लक्ष आहे. पहिले विधेयक गव्हर्नर न्यूसम यांनी २९ सप्टेंबर २०२४ रोजी नाकारले, आणि बरोबर एका वर्षाने, २९ सप्टेंबर २०२५ रोजी, त्याच सेनेटरने आणलेल्या सौम्य विधेयकावर सही केली. त्यानुसार वर्षाला ५० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न असलेल्या, अतिप्रचंड गणनशक्ती वापरणाऱ्या कंपन्यांनी आपली सुरक्षिततेची चौकट प्रसिद्ध करायची, गंभीर घटना १५ दिवसांत राज्याच्या आपत्कालीन सेवा कार्यालयाला कळवायची, आणि आतून धोका उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याला त्रास द्यायचा नाही; दंड प्रत्येक उल्लंघनास दहा लाख डॉलरपर्यंत.

बाकीची राज्ये एकेक कोपरा धरून आहेत. टेनेसीने २०२४ मध्ये गायकांच्या आवाजाच्या नकलेपुरता कायदा केला, कारण नॅशव्हिलचे संगीत हा त्यांचा धंदा आहे. (आपल्याकडे आशा भोसले यांच्या आवाजाला संरक्षण मिळाले ते २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने, कायद्याने नव्हे.) युटाने ग्राहकाला आपण यंत्राशी बोलतो आहोत हे सांगण्याची सक्ती केली, इलिनॉयने नोकरभरतीत अशा प्रणालींमुळे होणारा भेदभाव मानवी हक्क कायद्यातच आणून बसवला. हे छोटे, एकेका विषयाचे कायदे मला कोलोरॅडोपेक्षा टिकाऊ वाटतात.

केंद्र आणि राज्यांची ओढाताण तेथेही आहे. राज्यांना असे कायदे करण्यास दहा वर्षे बंदी घालणारी तरतूद सेनेटने १ जुलै २०२५ रोजी ९९ विरुद्ध १ मतांनी काढून टाकली, तर डिसेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी राज्यांच्या कायद्यांना न्यायालयात आव्हान देण्यासाठी न्याय खात्यात पथक नेमण्याचा आदेश काढला.

उत्तर ३
शिरोलीचा फौंड्रीवाला

चर्चा चांगली आहे, पण धंदेवाल्याची बाजूही कोणीतरी मांडली पाहिजे. माझ्या फौंड्रीत कास्टिंगमधील ब्लो होल (हवेच्या पोकळ्या) आणि तडे ओळखण्यासाठी कॅमेरा बसवलेला आहे. तो चुकला तर नग वितळवून पुन्हा भट्टीत जातो. कोणाचा हक्क बुडत नाही. उद्या राज्याने सरसकट कायदा केला तर या कॅमेऱ्यासाठीही मला परिणामांचे मूल्यमापन लिहावे लागेल, ते लिहायला सल्लागार नेमावा लागेल, आणि ते तपासायला आणखी एक निरीक्षक दारात येईल. कारखाने कायद्यापासून प्रदूषण मंडळापर्यंत आधीच काय कमी रजिस्टरे आहेत?

उत्तर ४
राजारामपुरी आठवी गल्ली

आपली भीती रास्त आहे. परंतु निर्णयांची यादी करण्याच्या पद्धतीत आपला कॅमेरा आपोआप बाहेर राहतो, कारण तो कोणा माणसाबद्दल काही ठरवत नाही. शिवाय कोलोरॅडोच्या त्या मूळ कायद्यात ५० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या वापरकर्त्यांना, ते प्रणालीला स्वतःच्या माहितीवर शिकवत नसतील तर, मूल्यमापनासारख्या बऱ्याच कर्तव्यांतून सूट आहे. त्याच फौंड्रीत कामगारांची हजेरी आणि पगारकपात एखादी प्रणाली ठरवू लागली, तर मात्र मी कामगारांच्या बाजूने उभा राहीन.

उत्तर ५
निवृत्त, सहकार खाते

मी आयुष्यभर सहकार खात्यात नोकरी केली. कायदा करणे आणि तो चालवणे यांत किती अंतर असते हे जवळून पाहिले असल्यामुळे थोडे लिहितो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. राज्याने जून २०२५ मध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केले, त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूदही केली, आणि बारामतीत उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याच्या प्रयोगाची चर्चा सगळीकडे झाली. ते धोरण आहे, कायदा नाही. धोरणाने योजना येते, अनुदान येते. शेतकऱ्याच्या हाती दाद मागण्याचा हक्क येत नाही. केंद्रानेही नोव्हेंबर २०२५ मधील मार्गदर्शक तत्त्वांत, तूर्त स्वतंत्र कायद्याची गरज नाही अशीच भूमिका घेतली. २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे, पण त्याची मुख्य कलमे नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत, आणि यंत्राने घेतलेल्या निर्णयाचे कारण मागण्याचा हक्क त्यात नाहीच.

भारतात राज्याने या दिशेने टाकलेले ठोस पाऊल पाहायचे असेल तर ते आपल्या शेजारी, कर्नाटकात आहे, आणि ते ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या नावाखाली नाही. ॲपवर काम करणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांसाठी आणि चालकांसाठी त्यांनी २०२५ मध्ये कायदा केला. कामाचे वाटप, मानांकन, कमाई यांवर परिणाम करणाऱ्या स्वयंचलित प्रणालींबद्दल माहिती मिळवण्याचा मार्ग कंपनीने कामगाराला सांगितला पाहिजे, अशी तरतूद त्यात आहे. कामावरून काढण्यापूर्वी कारणांसह १४ दिवसांची लेखी सूचनाही आहे. अशाच कामगारांसाठीचा राजस्थानचा २०२३ चा कायदा याआधीचा. वकीलसाहेबांनी सांगितलेला मार्ग तो हाच: विषय कामगारांचा, यंत्र आनुषंगिक. अर्थात कामगार हा समवर्ती विषय आहे आणि नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, त्यामुळे तेथे घर्षण होणारच.

आता आपल्या राज्यापुरते. मला नव्या कायद्याची फार घाई वाटत नाही, कारण हाताशी असलेली हत्यारेच गंजून पडली आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील कलम ७९अ प्रमाणे लोकहितासाठी शासन सहकारी संस्थांना निदेश देऊ शकते. तोडणीचा क्रम प्रणालीने लावणाऱ्या प्रत्येक सहकारी कारखान्याने प्रत्येक प्लॉटचा क्रम, त्यासाठी वापरलेली लागण तारीख, क्षेत्र आणि छायाचित्राचा दिनांक गट कार्यालयात लावावा, आणि सभासदाच्या हरकतीवर शेती अधिकाऱ्याने प्लॉट प्रत्यक्ष पाहून ठरावीक दिवसांत लेखी निर्णय द्यावा, एवढा निदेश काढायला अधिवेशनाची गरज नाही. क्रम बदलण्याचा अधिकार एका जबाबदार माणसाकडे राहिलाच पाहिजे, हे त्यात स्पष्ट लिहावे. नाहीतर हरकतीचा अर्जही त्याच संगणकात जाईल.

शासकीय कार्यालयांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अर्ज नाकारल्यास कारणे लेखी द्यावी लागतात, त्यावर अपिले आहेत, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. ‘प्रणालीने अपात्र दाखवले’ हे कारण मानले जाणार नाही, एवढी एक ओळ त्यात दुरुस्तीने घालता येईल. तेलंगणात निरनिराळ्या खात्यांची माहिती एकत्र जोडून लाभार्थ्यांची पात्रता ठरवणारी समग्र वेदिका ही प्रणाली आली आणि पात्र गरिबांची नावेही कापली गेल्याच्या तक्रारी झाल्या. अमेरिकेतील मिशिगन राज्याने २०१३ ते २०१५ या काळात बेकारभत्त्यातील फसवणूक संगणकाकडून ठरवून घेतली आणि हजारो निरपराध लोकांना वसुलीच्या नोटिसा गेल्या. दोन्ही ठिकाणी यंत्र सरकारचेच होते. म्हणून राज्याने खासगी कंपन्यांवर कायदा करण्यापूर्वी स्वतःच्या निविदांतील अटी तपासाव्यात. प्रणाली विकणाऱ्याने निर्णयाची कारणे काढून देण्याची सोय द्यावी, चाचणीचे निकाल द्यावेत, आणि कंत्राट संपल्यावर नोंदी शासनाकडे राहाव्यात, या अटी निविदेत नसतील तर उद्या विधानमंडळाने कितीही चांगला कायदा केला, तरी अधिकाऱ्याकडे द्यायला कारणच नसेल.

दूधगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आमचा कारखाना सहकारी आहे आणि मी सभासद आहे. निदेश निघेल तेव्हा निघेल. पुढचा हंगाम तोंडावर आहे. माहिती अधिकारात अर्ज करून काही हाती लागेल का? आणि प्रकरण वाढले तर मुंबईला जावे लागेल का?

टाकाळ्याचा वकील

माहिती अधिकाराचा रस्ता कठीण आहे. शासनाच्या मोठ्या अर्थसाह्याखाली किंवा भरीव नियंत्रणाखाली नसलेली सहकारी संस्था त्या कायद्याच्या अर्थाने सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये थलप्पलम प्रकरणात म्हटले आहे. त्यापेक्षा सहकारी संस्था अधिनियमाचे कलम ३२ वापरा. संस्थेच्या ज्या नोंदींत सभासदाचे संस्थेशी झालेले व्यवहार आहेत, तो भाग पाहण्याचा हक्क त्या कलमाने सभासदाला आहे, आणि शुल्क भरून प्रतीही मागता येतात. अर्ज कार्यकारी संचालकांच्या नावे, पोचपावती घेऊन द्या. त्यात आपल्या लागण नोंदीचा उतारा, आपल्या प्लॉटला प्रणालीने दिलेला क्रम व त्यासाठी वापरलेली माहिती, आणि प्रत्यक्ष तोडणीच्या दिवसाच्या वजनकाट्याच्या पावत्या, असे तिन्ही स्वतंत्रपणे मागा.

लागण नोंद आणि वजनाच्या पावत्या द्याव्याच लागतील. मधल्या मागणीवर कारखाना बहुधा असे म्हणेल की तो क्रम बाहेरच्या कंपनीच्या प्रणालीत तयार होतो, ती संस्थेची नोंद नाही. माझ्या मते हा बचाव टिकू नये, कारण त्याच क्रमाने आपला ऊस उचलला गेला. तरीही नकार आला तर कलम ९१ खाली सहकार न्यायालयात वाद दाखल करता येईल. पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेलेच तर मुंबईची वारी आता लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून सहा जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते पीठ) येथेच, कोल्हापुरात भरते. अर्जाचा मसुदा तयार झाला की येथे टाका, मी पाहून देईन.